बेल्जियमची चतुःसीमा

"मुन्शीजी, या जाग्याची चतुःसीमा लिवा," असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे वर्तमानपत्राचा एक कपटा ठेवला.

स्थावर मिळकतीचा कोणताही दस्त लिहिताना तिच्या पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस व उत्तरेस काय आहे ते नमूद करावेच लागते. तिरोडा तालुक्यातील कितीतरी धानाच्या बांध्यांच्या सीमा माझ्या हस्ताक्षरात नोंदल्या गेलेल्या आहेत. सबब मी टोपण काढले आणि कपटा सरळ केला. त्यावर शेताचा नकाशा नव्हता. मुरगळून टाकलेल्या कासऱ्यासारखी एक वेडीवाकडी रेघ तेवढी छापलेली होती.

"मौजा कोणता?" मी विचारले.

"स्पा."

"तालुका?"

"तालुका मले का मालूम? देश बेल्जियम. लिवा तुमी. उत्तरेस नाला. नाल्यावरून एकदम चढ. पूर्वेस जंगल, पश्चिमेस जंगल. दक्षिनेस उतार अना मंग पुन्हा जंगल."

"भाऊ, ही जमीन घेणार कोण, देणार कोण?"

"घेनं-देनं काही नाही. मोटारीची शर्यत आहे रविवारी तिथं. जागाच मालूम नसन तं बहस कशाची करावं?"

माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले असले तरी लेखणीची प्रतिष्ठा मी नेहमी सांभाळली आहे; थट्टेसाठी मी कधी शाई खर्च केली नाही. परंतु समोरच्या माणसाच्या मुद्रेवर थट्टेचा लवलेश नव्हता. मी बेल्जियमची चतुःसीमा लिहून दिली. कचेरीसमोरील माझ्या टिनाच्या छपरीत तो कागद पुढे कित्येक वर्षे खिळ्याला लटकत राहिला, आणि दूरदूरचे पक्षकार तो वाचून त्या जमिनीचा भाव विचारीत.

त्यांना सर्व लोक डायवरभाऊ म्हणत. शासनाच्या जीपवर हयात काढून ते निवृत्त झाले होते आणि स्वतःची एक जुनी जीप घेऊन तिरोड्याहून आसपासच्या खेड्यांकडे काळीपिवळी चालवीत. अंगात पांढरा सदरा, वरच्या खिशात चाकांतली हवा मोजण्याचे यंत्र. इतरांच्या खिशात पेन असते तसे ते असे. बसायला येणाऱ्या उतारूला 'जयभीम' घालण्याआधी ते जीपच्या चारही चाकांची विचारपूस करीत.

मोटारींच्या शर्यतीचे वेड त्यांना न्हाव्याच्या दुकानात लागले. ते साल १९९९ असावे. केबल तिरोड्यात नवी होती आणि कोणीतरी दूरचित्रवाणी खेळांच्या वाहिनीवर लावून ठेवली होती. अर्धी दाढी झालेली असताना त्यांची नजर पडद्यावर गेली. न्हावी सांगत असे की, साबण गालावरच वाळून गेला, पण डायवरभाऊंनी मान हलवू दिली नाही. पुढे ते इंग्रजीतील समालोचन डोळे मिटून ऐकत. भाषा येत नसल्याची खंत त्यांना कधी वाटली नाही. "त्याचा आवाज वर गेला म्हनजे कोनीतरी कोनाले कापलं. खाली आला म्हनजे कोनीतरी घरी गेला. अजून का समजाचं राहते?"

भोंगा ते वाजवीत नसत. त्यांचे म्हणणे असे की, भोंगा म्हणजे चुकीची कबुली. ज्याला पुढचे आधी दिसले त्याला ओरडावे लागत नाही. "ब्रेक पायात नसते मुन्शीजी, डोळ्यात असते." एकदा एका घाईच्या गृहस्थाने मागून चारदा 'जरा जोर से चलाओ' म्हटले. डायवरभाऊंनी जीप कडेला घेतली, खाली उतरून मागचे दार उघडले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "साहेब, तुमची घाई पायी जाईन तं लवकर पोचन." गृहस्थ उतरेपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

दरवर्षी पावसाळ्याचा जोर ओसरला की एखाद्या सकाळी ते आपल्या मार्गावर अनवाणी चालत जात. कुठे गिट्टी उखडली, कुठे पाणी मुरले, कोणत्या वळणाला चिखल येतो, हे सर्व ते तळव्यांनी वाचून घेत. शर्यतीचे चालकसुद्धा आदल्या दिवशी मार्ग पायी पाहतात, असे त्यांनी पडद्यावर पाहिले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही. "मंग? कायले नाही पाहनार?" एवढेच म्हणाले.

वर्षभरात शर्यती अनेक होत, पण त्यांचा जीव त्या अरण्यातल्या जुन्या मार्गावर. सात किलोमीटरचा फेरा. एका टोकाला पाऊस, दुसऱ्या टोकाला ऊन. आमच्याकडे भाद्रपदात बस स्टँडवर सरी कोसळतात आणि स्टेशनवर धुरळा उडत असतो, तसे. नाल्यावरून उठणाऱ्या वळणाला त्यांनी 'नाल्याचा चढ' हे नाव दिले होते. ती शर्यत आली की शुक्रवारपासून माझ्या छपरीत वाद सुरू होई. जमिनीवर चुन्याची रेघ ओढली जाई, खडे मोटारी होत, आणि माझे पक्षकार आपापली कामे विसरून खड्यांकडे पाहत बसत.

विरुद्ध पक्ष चालवीत ते पाटील. माळव्यातून आलेल्या शेतकरी घराण्यातले, सहा किलोमीटरवरच्या गावचे मोठे धानवाले. शंकरपटाच्या शर्यतीत त्यांची बैलजोडी पळे आणि त्या जोडीचा त्यांना पोटच्या पोरांहून अधिक अभिमान होता.

"हाकनाऱ्यात का आहे गा?" पाटील म्हणत. "बैल चांगला असन तं दोरी खुटीले बांधली तरी पट जितते. तसंच मोटारीचं. गाडी जितते, गाडी!"

"मंग खुटीलेच बसवा ना गाडीवर."

"बसवतो. तुमच्यापेक्षा कमी बोलन."

"पाटील, सुक्यात गाडी जितते, मी मान्य करतो. पन पानी आलं का गाड्या साऱ्या सारख्या. मंग हाकनारा जितते."

"हाकनारा का पानी पिऊन टाकते?"

या वादाचा निकाल कधीच लागला नाही. दोघांनाही तो लागावा अशी घाई नव्हती.

ज्या वर्षाची हकिकत मला सांगावयाची आहे, त्या वर्षी पोळा नुकताच झाला होता. शुक्रवारी दुपारी डायवरभाऊंची मुलगी छपरीत आली. ती एका खेड्यात आरोग्यसेविका होती. आई वारल्यापासून घर तीच पाहत असे. वडील फेरीवर गेल्याची खात्री करून ती बाकावर बसली.

"काका, बाबाले दिसत नाही."

मी लेखणी खाली ठेवली.

"नागपूरला डॉक्टरकडे नेलं होतं. काचबिंदू म्हणाले. उजवा डोळा गेला. डाव्यानं नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं अंधुक दिसते. आता ते परत येत नाही म्हणे. मले शपथ घातली, कोनाले सांगू नोको. परवा दारात बकरी उभी होती, तिले म्हणाले, सरक बाई."

"मग जीप कशी चालवतात?"

"रस्ता पाठ आहे त्याईले. पण रस्त्यावरची मानसं पाठ नसतात ना काका."

तिने परवाना रद्द करण्याविषयी परिवहन अधिकाऱ्यांना अर्ज मागितला. मी लिहिला. माझ्या हातून लिहिला गेलेला तो सर्वांत लहान अर्ज असावा. तिने सही केली, मात्र कागद उचलेना.

"सोमवारपर्यंत माझ्याजवळ राहू दे," मी म्हणालो. "रविवारी त्यांची शर्यत आहे."

"पण सोमवारी गेला पाहिजे, काका. सोमवारी बाजार असते. जीपमध्ये लेकरं असतात."

एका पक्षकाराची गोष्ट दुसऱ्याच्या कानी घालायची नाही, हा माझ्या व्यवसायाचा पहिला नियम मी वीस वर्षे पाळला होता. अर्ज झोळीत गेला आणि माझे तोंड बंद झाले.

शनिवारी वाद रंगला. डायवरभाऊंचा आवडता चालक त्या वर्षी सर्व चालकांत वयाने थोर होता आणि त्याची निळी गाडी साऱ्यांत मंद. ते त्याला 'माहा बुढा' म्हणत.

"तुमचा बुढा आता घरी बसला पाहिजे," पाटील म्हणाले. "नातवाईले खेळवाचं वय झालं त्याचं."

इतर वेळी डायवरभाऊ हसले असते. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला.

"उद्या पानी आहे तिथं," ते म्हणाले. "माहा बुढा पहिल्या पाचात येईन."

"नाही आला तं?"

"नाही आला तं मी जीप सोडून देईन. मुन्शीजी, लिवा."

"अरे बाप्पा, मी गंमत करून राहिलो!" पाटील म्हणाले.

"मी नाही करून राहिलो."

मी त्यांच्याकडे पाहिले. मुलीने बापाला अर्जाविषयी काही सांगितले असेल की तिच्या वागण्यातून बाप आपोआप समजला असेल, ते मला आजही ठाऊक नाही. मात्र एवढे उमगले की, डॉक्टरचा निकाल त्यांना मानवत नव्हता आणि स्वतःचा देववत नव्हता. म्हणून दाद मागायला ते बेल्जियमपर्यंत गेले होते. मी साध्या कागदावर लिहिले: निळ्या गाडीतील वयस्क चालक पहिल्या पाचांत न आल्यास लिहून देणार आपली जीप चालवणे त्या क्षणापासून कायमचे बंद करील व किल्ली पाटलांच्या हाती देईल, आल्यास त्याच्या चालवण्याविषयी घरच्या वा बाहेरच्या कोणीही यापुढे शब्द काढू नये.

ते सहीला वाकले. पूर्वी त्यांची सही रेघेवर रुळावरच्या डब्यांसारखी बसे. या वेळी ती रेघ सोडून खाली उतरली, कागदाच्या कडेपर्यंत गेली, आणि शेवटचे अक्षर माझ्या मेजाच्या लाकडावर उमटले. पाटलांनी ते पाहिले. मीही पाहिले.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांच्या जीपमधून मी दरवर्षीप्रमाणे शर्यत पाहायला पाटलांच्या गावी निघालो. ते नेहमीसारखेच चालवीत होते. खड्डा येण्याआधी गाडी हळू होई, वळण येण्याआधी वळे. मला क्षणभर वाटले की, मुलगी उगीच घाबरली. तेवढ्यात उजव्या बाजूच्या पायवाटेवरून सायकल घेऊन एक शाळकरी मुलगी रस्त्यावर आली. मी ओरडलो. ब्रेक लागला. चाक आणि सायकल यांच्यात वीतभर अंतर राहिले. मुलगी निघून गेली तरी डायवरभाऊ स्टिअरिंग धरून तसेच बसले होते.

"कोन होतं?" त्यांनी हळूच विचारले.

"शाळेतली पोरगी."

त्यांनी जीप पहिल्या गिअरात घातली.

त्या काळी भारनियमन असे आणि पाटलांच्या गावची वीज नेमकी शर्यतीच्या वेळेस जाई. उपाय डायवरभाऊंनीच शोधलेला होता. जीप खिडकीला लावायची, तिच्या बॅटरीवरून तार आत घ्यायची, आणि छोट्या इन्व्हर्टरवर दूरचित्रवाणी चालवायची. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन एका लयीत चालू ठेवावे लागे, आणि त्या घरघरीत जीपमध्ये बसणाऱ्याला समालोचन ऐकू येत नसे. दरवर्षी हे काम पाटलांचा ट्रॅक्टर हाकणारा गडी करीत असे. या वर्षी डायवरभाऊ म्हणाले, "मी बसतो जीपमध्ये. तुमी पाहा, मले सांगत राहा."

गड्याला आनंद झाला. डायवरभाऊंचा त्याग पाहून जमलेले लोक हळहळले. आत बसले तरी त्यांना पडदा धड दिसला नसता ही गोष्ट मला आणि ती सही पाहिलेल्या पाटलांनाच ठाऊक होती.

शर्यत सुरू झाली तेव्हा तेथे धो धो पाऊस होता. मोटारींच्या मागे पाण्याचे असे भिंताड उठे की पुढची गाडी कोणती ते कळत नसे. निळी गाडी दहाव्या जागी होती. पाटील खिडकीतून ओरडून सांगत होते, "नववा! आठवा! गाडी चांगली पळून राहिली गा!" बाहेरून उत्तर येई, "गाडी नाही, बुढा!" आणि इंजिनाचा आवाज आनंदाने किंचित वाढे. निम्म्या शर्यतीत बुढा चौथा होता. पाटलांचे आपल्या पक्षाचे भानही सुटले. ते मांडीवर थापा मारीत होते.

मग नाल्याच्या चढावर निळी गाडी एकाएकी आडवी झाली, घसरत गेली आणि कठड्यावर आदळून थांबली. म्हातारा चालक सुखरूप बाहेर आला, हातमोजे काढीत पावसात उभा राहिला.

"काऊन चूप झाले?" बाहेरून आवाज आला. "बुढा कुठं आहे?"

पाटलांनी माझ्याकडे पाहिले. खिडकीतून मला डायवरभाऊंचा चेहरा दिसत होता. तो आवाजाच्या दिशेने वळलेला होता, पण नजर खिडकीच्या बरीच बाजूला, भिंतीवर लागली होती.

"चौथा!" पाटील ओरडले. "चौथ्यावरच आहे!"

आणि मग पुढचा अर्धा तास पाटलांनी एक शर्यत मनाने रचून चालवली. पडद्यावर दुसऱ्याच मोटारी धावत होत्या, पाटील मात्र कंठशोष करून सांगत होते, "बुढ्यानं आतून घातली! बाप्पा, का डोकं आहे बुढ्याचं! पान्यात असा जाऊन राहिला जसा घरच्या आंगनात!" लोक आधी चक्रावले, मग समजले, आणि तेही 'हो रे हो' करू लागले. शेवटी पाटलांना स्वतःला आवरता आले नाही. "तिसरा! बुढा तिसरा आला गा!"

बाहेरून प्रश्न आला.

"मुन्शीजी, तुमी सांगा. कागद तुमचा आहे."

माझ्या झोळीत मुलीचा अर्ज होता. दोन तासांपूर्वी ते वीतभर अंतर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तरीही, आयुष्यभर सत्यप्रतिज्ञेवर लोकांची वाक्ये लिहिणारा मी म्हणालो, "होय. तिसरा."

जीपचे इंजिन बंद झाले आणि बॅटरीवरची तार निघाली. पडदा काळा झाला.

डायवरभाऊ चौकटीला हात लावीत आत आले. पाटलांचा आवाज कुठून आला होता ते लक्षात ठेवून बरोबर त्यांच्यासमोर उभे राहिले.

"पाटील, इतके वर्षं बहस केली. तुमी कधी गाडी सोडून दुसरं नाव घेतलं का?"

पाटलांनी मान खाली घातली.

"चौथ्या नंबरापर्यंत तुमी 'गाडी पळून राहिली, गाडी पळून राहिली' म्हनत होते. मंग अर्धा घंटा गाडीचं नावच नाही. बुढ्याचं डोकं, बुढ्याचा हात." ते किंचित हसले. "मरन दारात आल्याबिगर मानूस इतकी तारीफ करत नाही. कुठं पडला?"

"नाल्याच्या चढावर," पाटील म्हणाले. "त्याले काही लागलं नाही, भाऊ. आपल्या पायानं चालत गेला."

"तं झालं मंग."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. पाटलांनी हात मागे घेतले. "भाऊ, कागद फाडून टाकतो मी. मले नाही पाहिजे."

"कागदाचं नाही सांगून राहिलो. आज सायकलवाली पोरगी होती. मुन्शीजी ओरडले म्हनून मले समजलं." त्यांनी पाटलांचा हात चाचपून धरला, किल्ली त्यात ठेवली आणि मूठ मिटवली. "तुमी तिसरा म्हटलं, मुन्शीजीनं हो म्हटलं. उद्या मी बाजाराची लेकरं भरली असती. भल्या मानसाईनो, असं नोको करत जाऊ."

इतकी कठोर गोष्ट मला कोणत्याही न्यायासनापुढे ऐकावी लागलेली नाही. मी झोळीतील अर्ज काढून त्यांच्या मुलीने काय केले ते सांगितले; नियम मोडला. ते म्हणाले, "माहीच पोरगी आहे," आणि तिच्या सहीवरून एकदा बोट फिरवले.

प्रश्न उरला घरी जाण्याचा. गडी आपल्या घरी गेला होता. पाटलांना ट्रॅक्टर येई तेवढाच. अंधार पडल्यावर पाटील जीप हाकायला बसले, मी त्यांच्या शेजारी, आणि डायवरभाऊ मागच्या बाकावर. जीप धानाच्या बांधीत शिरल्यासारखी धक्के खात निघाली. मागून शब्द येईना. चुकीच्या गिअरात इंजिन रडू लागले तरी येईना.

फाट्यावर कोथळीभर सामान घेऊन एक बाई उभी होती. जीप पाहून तिने हात केला आणि पाटलांनी सवय नसल्यामुळे तिच्यापासून बरीच पुढे नेऊन थांबवली. ती धावत आली, मागे चढली, अंधुक उजेडात डोळे बारीक करून पाहू लागली.

"अगा बाई! डायवरभाऊ, तुमी मांगं काऊन बसले?"

"बस बाई," ते म्हणाले आणि कोथळी उचलून तिच्यासाठी जागा करून दिली. "मलेबी घरीच जाचं आहे."